सिम्पथी फॉर मिस्टर व्हेन्जन्स: डोक्यावरून गेलेल्यांसाठी, स्पॉयलरसकट

पहिला सल्ला, जेवताना लावू नका. दुसरा म्हणजे पुढं सगळी स्टोरी शेवटासकट फोडलेली आहे, कोरं डोकं घेऊन बघायचं असेल तर इथंच थांबा. पण खरं सांगू का, हा पिक्चर स्टोरी आधी माहीत असली तर जास्त कळतो. ह्यात सस्पेन्स असा नाहीच, कुणी कुणाला मारलं ते दिसतंय, का मारलं तेही दिसतंय, तरीपण दोन तासांनी माणूस सोफ्यावर बसून म्हणतो की बाबा रे, नक्की झालं काय?

पार्क चान-वूकचा २००२ चा पिक्चर. ह्याच माणसानं पुढच्याच वर्षी ‘ओल्डबॉय’ काढला, तो २००४ ला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये ग्रां प्री बक्षीस घेऊन आला आणि आपल्याकडच्या पोरांना कोरियन पिक्चरचा नाद लागला तो बहुतेक त्याच्यामुळंच. मग २००५ ला ‘लेडी व्हेन्जन्स’. तिन्ही मिळून व्हेन्जन्स ट्रिलॉजी म्हणतात पण पात्रं वेगळी, स्टोरी वेगळी, कुठलाही आधी बघा काही बिघडत नाही. बिघडतं ते एवढंच की ओल्डबॉय बघून आलेला माणूस ह्यात पण हातोडा, कॉरिडॉर, एकटा भिडू वीस जणांना लोळवतोय असलं काहीतरी शोधत बसतो, आणि इथं पहिला तासभर कुणी कुणाच्या कानाखाली पण नीट मारत नाही.

आमच्यात पण तेच झालं. कोल्हापुरात राजारामपुरीत दोस्ताच्या घरी रविवारी रात्री चौघं बसलेलो, पश्यानं ‘रिव्हेंज आहे, नाद खुळा आहे’ म्हणून लावायला लावला आणि अर्ध्या तासात तोच विचारतोय, ‘भावा, ह्यात हिरो कोण हाय?’ बाकीच्यांनी त्याला गप्प बसवलं. पण माझ्या मते पिक्चरबद्दल विचारण्यासारखा हाच प्रश्न आहे. कारण पहिल्या अर्ध्यात आपण एका माणसाच्या बाजूनं असतो, दुसऱ्या अर्ध्यात पिक्चर काही न सांगता आपल्याला उचलून दुसऱ्याच्या गाडीत बसवतो, आणि हा दुसरा त्या पहिल्याला मारायला निघालेला असतो. दोघंही चांगली माणसं आहेत. मग शिट्टी कुणासाठी मारायची तेच कळत नाही, आणि आपल्याला सवय काय, तर शिट्टी कुठं मारायची ते डायरेक्टरनं सांगायचं.

तर आधी स्टोरी सरळ सांगतो. मी शिरोली एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, त्यामुळं मला कुठलीही भानगड पैसा कुठून निघाला आणि कुठं गेला ह्यावरूनच कळते, आणि ह्या पिक्चरला ती पद्धत बरोबर लागू पडते.

ऱ्यू म्हणून एक पोरगा आहे, हिरवे रंगवलेले केस, ऐकू येत नाही, बोलता येत नाही, कारखान्यात राबतोय. आर्ट स्कूलला होता, बहीण शिकवत होती, ती आजारी पडली तेव्हा शिक्षण सोडून कामाला लागला. बहिणीची किडनी गेलीय. त्याला स्वतःची द्यायचीय पण रक्तगट जुळत नाही. तेवढ्यात कारखान्यातनं काढतात. हातात येतात एक कोटी वॉन, आकडा ऐकून दचकू नका, आजच्या भावानं साधारण सहा लाख रुपये. हे पैसे घेऊन तो अवयवांचा चोरटा धंदा करणाऱ्यांकडं जातो, डील अशी की पैसे प्लस त्याची एक किडनी, बदल्यात बहिणीला जुळणारी किडनी. जाग येते तेव्हा अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये नागडा पडलाय, किडनी गेली, पैसे गेले, ती टोळीपण गायब. आणि मग तीन आठवड्यांनी दवाखान्यातनं निरोप, जुळणारी किडनी मिळाली, ऑपरेशनला एक कोटी वॉन भरा.

म्हणजे जेवढे होते तेवढेच लागणार होते. हा आकडा लक्षात ठेवला की पुढचा अर्धा पिक्चर आपोआप सुटतो. पुढं जे काय किडनॅपिंग, खून, करंट, नदी, सगळं ह्या एका रकमेच्या भोकातनं बाहेर पडलंय. कुणी राक्षस नाही, कुणाचं पंधरा वर्षांचं वैर नाही. पैसे गेले आणि नेमके तेवढेच पाहिजे होते, बास.

ऱ्यूची गर्लफ्रेंड यॉंग-मी, बे डूनानं काय काम केलंय राव. ही रस्त्यावर एकटी पत्रकं वाटत फिरते, अमेरिकन सैन्य बाहेर काढा, बड्या उद्योगघराण्यांना मोडा, असली. तिची आयडिया की मालकाची पोरगी पळवू, आणि ती ऱ्यूला समजावते की किडनॅपिंगमध्ये पण चांगलं आणि वाईट असतं, पोरगी सुखरूप परत दिली, पैसे एखाद्याच्या जिवासाठी वापरले, तर ते चांगलं किडनॅपिंग, आईबापांना पोरगी परत मिळाल्यावर उलट जास्त आनंद होतो. ऐकताना हसू येतं, आणि तिला ते मनापासून पटलंय हे बघून हसू जातं.

इथं बऱ्याच जणांचा एक घोळ होतो. पळवतात ती पोरगी ऱ्यूला काढणाऱ्या मालकाची नाही. तसं केलं तर संशय लगेच ह्यांच्यावरच येणार, म्हणून त्या मालकाच्या दोस्ताची पळवतात. हा दोस्त म्हणजे पार्क दोंग-जिन, सोंग कांग-हो, ‘पॅरासाइट’मधला बाप तोच. ह्यानं ऱ्यूचं काही वाकडं केलेलं नाही, त्याला ऱ्यू कोण हे माहीतपण नाही. आमच्या गँगमधले दोघं शेवटपर्यंत ‘मालकानं कामावरनं काढलं म्हणून बदला’ असं धरून बसलेले. तसा तो बदला नाहीच.

घोळ होण्याचं कारण पण आहे. पोरगी पळवतानाचा सीनच दाखवलेला नाही. आधीच्या सीनमध्ये हे दोघं गाडीत बसून टेहळणी करतायत आणि नंतर डायरेक्ट पोरगी ऱ्यूच्या घरात मजेत खेळतीय, बहिणीला वाटतंय ऱ्यूनं कुणाची तरी पोर सांभाळायला घेतलीय. आपल्या पिक्चरमध्ये हा सीन म्हणजे काळी व्हॅन, तोंडावर रुमाल, ढ्यॅंग म्युझिक. इथं कात्री. अख्ख्या पिक्चरभर असंच चाललंय, ज्या ठिकाणी आपण ‘आता दाखवणार’ म्हणून सरसावून बसतो तेवढंच कापून टाकलंय. मोबाईल बघत बसलात की गेलात, मागं घेऊन बघावं लागतं. आमच्यात रिमोटवरनं भांडणं झाली.

मग बहिणीला कळतं. नोकरी गेलीय हेही, पोरगी पळवलीय हेही. ऱ्यू पैसे घेऊन घरी येतो तर बहिणीनं जीव दिलाय. पैसे मिळाले आणि ज्याच्यासाठी मिळवले ते संपलं. इथं अकाउंट बंद व्हायला पाहिजे होतं, पोरगी परत द्यायची आणि विषय कट. पण तो बहिणीला पुरायला नदीवर घेऊन जातो, लहानपणी दोघं जिथं जायचे तिथं, आणि पोरगी पण बरोबरच.

ह्या नदीच्या सीनबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या मते पिक्चर समजून घ्यायची चावी इथंच आहे. लांबनं घेतलेला शॉट, कॅमेरा जागचा हलत नाही. ऱ्यू पाठमोरा बसून बहिणीच्या अंगावर दगडगोटे रचतोय. पोरगी गाडीत झोपलीय. एक अपंग माणूस तिथं भटकत येतो, त्याच्या गडबडीत पोरगी जागी होते, बाहेर येते, ऱ्यूला हाका मारते आणि पाण्यात पडते. ओरडतीय. आपल्याला ऐकू येतंय, त्याला नाही. तो वळून बघेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. म्युझिक नाही, स्लो मोशन नाही, क्लोजअप नाही. आमच्या खोलीत कुणीतरी ‘अरे वळ की मर्दा’ म्हणून मोठ्यानं ओरडलं, आणि ओरडून उपयोग नाही हे ओरडल्यावर कळलं.

आता मागं जाऊन आठवा, पिक्चरच्या सुरुवातीला एक सीन आहे जो सगळ्यांना घाण जोक वाटतो. शेजारच्या खोलीतली पोरं भिंतीला कान लावून, बाईचा आवाज येतोय म्हणून चाळे करतायत. कॅमेरा सरकतो आणि भिंतीपलीकडं बहीण किडनीच्या दुखण्यानं तळमळतीय, तिच्याकडं पाठ करून ऱ्यू शांतपणे खातोय कारण त्याला ऐकूच येत नाही. पोरं हसली त्या सीनला, मी पण हसलो. नदीचा सीन म्हणजे तीच मांडणी परत. कुणीतरी ओरडतंय, पाठमोऱ्या माणसाला ऐकू येत नाही, आणि ज्यांना ऐकू येतंय त्यांना भलताच अर्थ लागलाय नाहीतर ते काही करू शकत नाहीत.

हे एकदा धरलं की बाकीचे सुटे धागे पण जुळायला लागतात. पेंग नावाचा एक कामगार आहे, दोंग-जिननं कामावरनं कमी केलेला. तो भर रस्त्यात साहेबांच्या गाडीपुढं येतो, परत घ्या म्हणून विनवतो, स्वतःच्या पोटावर ब्लेड चालवतो. गाडीतल्यांना तो तमाशा वाटतो. नंतर पोरगी गेल्यावर दोंग-जिनला वाटतं पेंगनंच सूड घेतला असेल म्हणून त्याच्या घरी जातात तर अख्ख्या कुटुंबानं विष घेतलेलं. पश्या म्हणला, ‘हे कशाला घुसडलंय मधेच, ह्याचा काय संबंध?’ अरे हाच तर संबंध. तो माणूस पुढ्यात येऊन ओरडून सांगत होता. साहेबांचे कान शाबूत होते.

आता हे कामावरनं काढणं प्रकरण थोडं समजून घ्या, कारण कोरियातल्या प्रेक्षकाला हे सांगावं लागलं नसणार, आपल्याला लागतं. १९९७ च्या शेवटी कोरियाची हालत इतकी वाईट झाली की आयएमएफकडं हात पसरावे लागले, आणि १९९८ मध्ये तिथं कायदा बदलून कामगार कपात करणं कंपन्यांना सोपं करून दिलं. तोपर्यंत एकदा चिकटला की रिटायर होईपर्यंत तिथंच अशी सवय असलेल्या देशात ढीगभर माणसं एका झटक्यात घरी बसली. पिक्चर त्यानंतर चार वर्षांनी आलाय. ऱ्यू आणि पेंग त्यातलेच दोघं. एमआयडीसीत काम करणाऱ्याला हे वेगळं काय सांगायचं, ‘फुल अँड फायनल’ची सही घेताना समोरचा माणूस कसा खाली बघतो ते मी टेबलाच्या अलीकडून बघितलंय, त्यामुळं तो सीन मला जरा जास्तच लागला असेल, धरून चला.

दुसरा अर्धा भाग दोंग-जिनचा. सोंग कांग-हो ह्या माणसानं काय केलंय बघा, रडणं नाही, ‘मैं तुझे छोडूंगा नहीं’ नाही. पोस्टमॉर्टेमच्या वेळी कॅमेरा पोरीवर जास्त जातच नाही, बापावर राहतो, आणि आपल्याला नुसते आवाज ऐकू येतात. परत आवाज! एका रात्री पोरगी ओलीचिंब होऊन घरी येते, तो तिला मिठी मारतो. ते भूत आहे का स्वप्न आहे असं विचारणारे विचारतात, मला काय त्यात गोंधळायसारखं वाटलं नाही, पोर गेलेल्या घरात असं कुणीतरी येतच असणार.

हा दोंग-जिन इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यातला, वायर, करंट हे त्याचं रोजचं काम. तो यॉंग-मीला शोधून काढतो, बांधतो आणि करंट देतो. हा सीन लांब आहे, त्रासदायक आहे, मी तिथं पाणी प्यायला उठलो हे सांगायला लाज नाही. पण तिचं बोलणं मात्र चुकवू नका. ती माफी मागते, पोरीबद्दल तिला खरंच वाईट वाटतंय. आणि ती सांगते की मला मारलंस तर माझ्या संघटनेची माणसं तुला मारतील. दोंग-जिनला वाटतं मरताना काहीही बोलतीय. आपल्यालाही तेच वाटतं, कारण आत्तापर्यंत ती एकटीच पत्रकं वाटताना दिसलीय, कसली संघटना आणि कसलं काय. तो मारतो.

तिकडं ऱ्यू त्या किडनी टोळीला गाठतो आणि बॅट घेऊन जो काय हिशोब करतो तो बघवत नाही. पश्याला एकदम तेवढाच सीन आवडला, ‘आता कसं रिव्हेंजसारखं वाटलं’ म्हणला. मला उलट ते सगळ्यात कमी महत्त्वाचं वाटलं, ती टोळी ही एकच अशी आहे ज्यांच्याबद्दल मनात शंका नाही, नालायक आहेत, मेले, पुढं चला. त्यानंतर तो यॉंग-मीकडं जातो तर पोलीस तिला स्ट्रेचरवरनं नेतायत, आणि लिफ्टमध्ये त्या पोलिसांच्या गर्दीतच उभं राहून हा तिचा हात गुपचूप धरतो. अख्ख्या पिक्चरमधली प्रेमाची सगळ्यात मोठी जागा ही, आणि ती सुद्धा कुणाला न दिसेल अशी.

मग दोघं एकमेकांच्या घराबाहेर दबा धरून. ऱ्यू दोंग-जिनच्या घरापाशी, दोंग-जिन ऱ्यूच्या घरात, त्यामुळं दोघांची गाठच पडत नाही. हे इतकं मूर्खासारखं आहे की हसू येतं, मुद्दाम केलंय. शेवटी ऱ्यू घरी येतो, दाराच्या मुठीला करंट लावून ठेवलेला, आडवा होतो. दोंग-जिन त्याला पोरगी बुडाली त्याच नदीत घेऊन जातो. आणि पाण्यात उभं राहून सांगतो की तू चांगला माणूस आहेस मला माहीत आहे, म्हणूनच मी तुला का मारतोय ते तू समजून घेशील. सांगतोय कुणाला, तर ज्याला ऐकू येत नाही त्याला. मग पाण्याखाली जाऊन त्याच्या टाचेच्या वरच्या शिरा कापतो.

हे का करतो ते पहिल्यांदा मला पण झेपलं नाही, मग ध्यानात आलं. पाणी तसं फार खोल नाही, माणूस उभा राहिला तर वाचेल. शिर कापली की उभं राहता येत नाही. म्हणजे पोरगी जशी गेली तशीच ह्याला घालवायचा, गोळी नाही, चाकू छातीत नाही. बापाला बरोबरीचा हिशोब पाहिजे होता.

दोस्ताची आई, काकू, मधनं अधनं डोकावत होत्या, ह्या सीनला थांबल्या आणि म्हणल्या, ‘हा माणूस वाईट आहे का रे?’ म्हणलं नाही ओ काकू, ह्याची पोरगी गेलीय. ‘आणि तो पाण्यातला?’ तोपण नाही. ‘मग काय बघताय रे असलं’ म्हणून आत गेल्या. ह्याच्यापुढं कुठला समीक्षक काय लिहिणार.

आता शेवट. दोंग-जिन ऱ्यूचे तुकडे पिशव्यांत भरून पुरायच्या तयारीत, तेवढ्यात एक गाडी येते, चार अनोळखी माणसं उतरतात, शांतपणे त्याला भोसकतात, एक कागद सुऱ्यानं छातीवर टाचतात आणि निघून जातात. तो बसल्या जागी मान वाकवून स्वतःच्या छातीवरचा कागद वाचायचा प्रयत्न करतोय, आणि पिक्चर संपतो. ‘भावा, हे कोण आता नवीन?’ यॉंग-मीचीच माणसं रे. ‘ती तर येडी होती की!’ बघा, हेच. तिनं स्पष्ट सांगितलेलं, पश्यानं ऐकलेलं, मी ऐकलेलं, दोंग-जिननं ऐकलेलं, आणि सगळ्यांनी ती येडी म्हणून सोडून दिलेलं. शेवट कुठनं तरी आकाशातनं पडल्यासारखा वाटतो तो ह्यामुळं. तो पडलेला नाही, आधीच सांगून ठेवलेला आहे, आपण पण त्या सोफ्यावर बहिरेच बसलेलो. आणि ती चार माणसं ह्या पिक्चरमधली अशी एकमेव आहेत की ज्यांचा त्या एक कोटीशी काडीचा संबंध नाही. सगळे पैशापायी मेले-मारले, हे मात्र तत्त्वापायी मारून गेले, आणि ते जास्त थंड वाटतं.

ह्यावरनं एक आठवलं. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी आपल्या ह्याच कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ काढला, मूकपट, सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन मजूर होतो, तरुण शेतकऱ्याचं काम शांतारामबापूंनी केलेलं. म्हणजे गरिबाचे पैसे अडकले की त्याचं काय होतं हे न बोलता पडद्यावर दाखवायची गोष्ट ह्या गावाला नवी नाही. मला हा कोरियन पिक्चर त्याच घराण्यातला वाटतो, फक्त रक्त जास्त. ह्यातला मुख्य माणूस बोलत नाही, त्यामुळं अर्धा पिक्चर मूकपटासारखाच बघावा लागतो, डोळे लावून. डायलॉगवर कान ठेवून भाकरी खात बघायची सवय असेल तर काही हाती लागायचं नाही.

खटकलं काय ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल भक्त झालाय. बहिणीला नावापुरतं ठेवलंय, तिनं दुखणं सोसायचं आणि मरायचं, दुसरं काम नाही, ती कोण होती, हसायची कशी, काही कळत नाही. नदीवरचा तो अपंग माणूस मला नीट वाटला नाही, नुसता अपघात घडवायला आणून ठेवल्यासारखा, आणि त्याचं जे चालणं-वागणं दाखवलंय ते आज कुणी दाखवलं तर लोक धरतील, धरायलाच पाहिजे. दुसऱ्या अर्ध्यात ऱ्यू मधेच इतका वेळ गायब होतो की त्याच्याबद्दल जमवलेली माया जरा ढिली पडते. आणि रक्ताचं म्हणाल तर दोन-तीन ठिकाणी डायरेक्टरला आवरलं असतं तर बरं झालं असतं, माणूस अस्वस्थ व्हायला पाहिजे हे कबूल, पण तोंड फिरवलं की काहीच दिसत नाही.

२००० साली ह्याच डायरेक्टरनं दोंग-जिन आणि ऱ्यू झालेल्या ह्याच दोन नटांना घेऊन बॉर्डरवरच्या सैनिकांचा पिक्चर काढलेला, तो कोरियात तुफान चालला. दोन वर्षांनी हा आला आणि आपटला. मला अजिबात नवल वाटत नाही. पैसे देऊन थिएटरात गेलेल्या माणसाला कुणाची तरी बाजू पाहिजे असते, जिंकलेलं नाहीतर हरलेलं कुणीतरी पाहिजे असतं, आणि इथं लाइट लागल्यावर शेजारच्याकडं बघून काय बोलायचं तेच सुचत नाही.

बघणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. सबटायटल आधी पाच मिनिटं तपासून घ्या, ऱ्यू आणि यॉंग-मी हाताच्या खुणांनी बोलतात ते भाषांतर त्यात आहे का ते बघा, बोललेलं तेवढंच उतरवलेलं असेल तर अर्धा पिक्चर हवेत जाईल आणि मग कन्फ्यूजन डायरेक्टरच्या नावावर टाकाल. आणि आवाज टीव्हीच्या स्पीकरवर न ठेवता चांगल्या हेडफोननं किंवा होम थिएटरवर ऐका, मधेमधे आवाज एकदम बंद होतो तेव्हा केबल तपासायला उठू नका, त्या वेळी आपण ऱ्यूच्या कानानं ऐकत असतो. सुरुवातीला रेडिओवर एक बाई पत्र वाचून दाखवते ते पण नीट ऐका, ऱ्यूनं पाठवलेलं पत्र आहे, तो कोण, बहीण कोण, तिला काय झालंय, सगळं त्यातच येऊन जातं, आणि नेमके त्याच वेळी सगळे फरसाण वाटण्यात गुंतलेले असतात.

पाचपैकी चार. लहान पोरं, आजारी माणूस घरात असलेले, आणि ज्यांना रविवारी रात्री नीट झोप पाहिजे त्यांनी लांब राहा. घरच्यांबरोबर तर अजिबातच नको, ते शेजारच्या पोरांचं सुरुवातीलाच येतं. ओल्डबॉय बघितला असेल आणि आवडला असेल तर हा बघाच, नसेल बघितला तर आधी हा बघा, मग तो जरा सोपा वाटेल. लेडी व्हेन्जन्स आमचा अजून राहिलाय, तो लावायचं ठरलंय पण पश्या म्हणतो आधी स्टोरी लिहून दे मग येतो.